‘संपूर्ण नवी’ तिसरी आवृत्ती

शनिवार, ३ ऑगस्ट. संध्याकाळी.

माझं आयुष्य आज दुपारी बदललं. खेळांच्या दुकानात, आम्ही खेळतो त्या मागच्या टेबलापाशी, ती ‘काळदरी’ या खेळाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीची पानं चाळत होती आणि म्हणाली, हे मी आधी वाचलंय असं का वाटतंय? म्हणताना तिने चष्मा कपाळावर सरकवला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, लोकांचे नंबर तपासते, त्यामुळे तिचं बघणं म्हणजे बघणं. मीही बघितलं. पुस्तकाकडे नंतर.

कव्हरवर सोनेरी अक्षरांत ‘संपूर्ण नवी’. आत दलदलीतला राक्षस तोच, दुसऱ्या आवृत्तीतला. फक्त शिंगं वाढवलीत.

संकल्प: या फसवणुकीचा छडा लावणार. तिच्यासाठी नाही. तत्त्वासाठी.

रविवार, ४ ऑगस्ट.

दोन्ही आवृत्त्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या. भुयारांचं प्रकरण जसंच्या तसं. जादूच्या प्रकरणात ‘विझता कंदील’चा ‘मावळता कंदील’ केलाय, झालं. एके ठिकाणी तर ज्या पानाकडे बोट दाखवलंय ते पान नव्या पुस्तकात नाहीच.

बाबा पाय ठेवायला जागा शोधत आत आले. हे नक्की असतं काय, म्हणाले. पुन्हा समजावलं. एक मास्टर गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवतात. बाबा म्हणाले, म्हणजे आमचं ऑफिस. मग नेहमीचा विषय: अर्धवट टाकलेलं दुसरं वर्ष पुन्हा कर. मी शांतपणे सांगितलं की तोच अभ्यासक्रम पुन्हा करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शांतपणे म्हणजे आई स्वयंपाकघरातून धावत आली, इतपत.

मंगळवार, ६ ऑगस्ट.

दुकानदारकाकांशी सौम्य शब्दांत बोलायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्य सौम्य होतं.

काका म्हणाले, अरे बाळा, मी पुस्तकं विकतो, लिहीत नाही. हे मला पटलं नाही. बाबांच्या ऑफिसातल्या पिवळ्या चिठ्ठ्या खिशात होत्याच. प्रत्येक प्रतीवर ‘शिळं’ लिहिलेली एकेक चिकटवली. काकांनी मला मागच्या टेबलावर बसायला बंदी केली. कायमची.

नैतिक विजय माझाच. शिवाय आता खेळ माझ्या खोलीत होणार, म्हणजे ती माझ्या खोलीत येणार. हे मी ठरवूनच केलं असं म्हणायला हरकत नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट.

तिच्या दुकानात डोळे तपासायला गेलो. पुन्हा. अजून नंबर नाही.

तिला माझ्या लढ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, जुनं घेतलं त्याचं काही नाही रे, चांगलं असेल तर घ्यावं की. पण मग तसं सांगावं ना. ‘संपूर्ण नवी’ कशाला? हं, आता खालची ओळ वाच.

काय विचार आहेत. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की मी स्वतः खेळासाठी एक साहस लिहितोय, त्यात एक शब्द जुना नसेल, आणि त्यातली राणी फक्त तुझ्यासाठी. ती भिंग हातात धरून थांबली. खरंच? म्हणाली. माझ्यासाठी कुणी काही लिहिलेलं नाही अजून.

खालची ओळ चुकलो. आता नंबर लागेल बहुतेक.

रविवार, ११ ऑगस्ट.

लिहायला बसलो. पेन्सिलींना टोकं केली. ‘एक राणी होती.’ खोडलं. जुनं वाटलं.

बुधवार, १४ ऑगस्ट.

‘एक राणी नव्हती.’ यात दम आहे. पुढचं सुचतंय.

शुक्रवार, १६ ऑगस्ट.

उद्या खेळ. प्रेरणेसाठी गेल्या वर्षीचं साहस काढलं, कॉलेजातल्या एका मुलीसाठी लिहिलेलं. केवळ संदर्भ म्हणून. राणीचे कुरळे केस सरळ केले. पांढरा घोडा तपकिरी. राजवाड्याचं दीपगृह. याला कॉपी म्हणत नाहीत, पुनर्लेखन म्हणतात. प्रकाशक हे धंद्यासाठी करतात, मी भावनेसाठी. मूलभूत फरक आहे.

एक खेळाडू आजारी पडला. मामेभावाला बोलावलंय. तो गेल्या वर्षीही होता, पण त्याचं डोकं सदा मोबाइलमध्ये. त्याला काय डोंबल आठवतंय.

संकल्प: उद्या काहीही झालं तरी आवाज चढवायचा नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट.

सुरुवात उत्तम झाली. ती आणि तिची मैत्रीण वेळेवर आल्या. मी आवाज खोल करून दीपगृहाचं वर्णन केलं. ती पुढे झुकून ऐकत होती. मग आली दोन दारं. विचारलं, कुठून जाणार? मामेभाऊ मान वर न करता म्हणाला, डावीकडून नका जाऊ, खड्डा आहे. गेल्या वर्षी मी त्यात मेलो होतो.

मी म्हणालो, तो खड्डा वेगळा. तो म्हणाला, बरं, याच्या तळाशी भाले नाहीत ना मग? होते. मी म्हणालो, साप आहेत. तो म्हणाला, साप पुढच्या खोलीत ना रे?

तिने त्याला विचारलं, आणि राणी? वरच्या मजल्यावर, तो म्हणाला, पांढऱ्या घोड्यावर. घोडा जिना कसा चढला ते मी तेव्हाच विचारलं होतं. त्या कॉलेजातल्या पोरीची पांढरी स्कूटर होती ना, तोच घोडा.

मी आवाज चढवला नाही. फासे भिंतीवर फेकले. एक कपाटाखाली गेला, मैत्रीण वाकून काढत बसली.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बोलता आलं असतं. तिने चष्मा काढून पुसला, पुसून झाला तरी पुसत राहिली. म्हणाली, खड्डा चांगलाय रे. साप पण चांगलेत. जुनं आहे म्हणाला असतास तरी खेळले असते मी. ‘फक्त तुझ्यासाठी’ तेवढं नको होतं.

मग पिशवीतून तिसरी आवृत्ती काढली. घेतलीच होती तिने. म्हणाली, चला, आता मास्टर मी. मामेभावाने मोबाइल खिशात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मलाही विचारलं, येतोस का. दलदलीतल्या राक्षसाशी लढायला आणखी कुणीतरी हवं होतं. मी बजावलं की या आवृत्तीला मी हात लावणार नाही, आणि जिथे तत्त्वाला किंमत नाही तिथे मी बसत नाही. मामेभाऊ म्हणाला, अरे, खोली तुझी आहे. मी म्हणालो, प्रश्न खोलीचा नाही. चपला घातल्या, बाहेर पडलो. दार आपटणार होतो, पण आत तिने टाकलेला फासा अजून फिरत होता, म्हणून हळूच लावून घेतलं.