अण्णाची काळ्या मेंदीची पुडी

सोमवार, सांजच्याला

आज लई वंगाळ काम केलं. अण्णाच्या, माज्या बापाच्या, काळ्या मेंदीच्या पुडीत ताईची लाल मेंदी भरली. नुसतं हसायचं व्हतं मला.

मुकादम आज ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोड्या निवडाया येणार व्हता. पांढऱ्या डोस्क्याचा गडी तो घेत न्हाई, म्हणून अण्णा दरसाल आधी केस काळे करतो. मी म्हणलं बी, "केजला सलूनात जा की." तर म्हणला, "तिथं मुकादमाचीच माणसं बसलेली असतेत बे. तुजी माय लावती, बास झालं."

मायनं जुन्या ब्रशनं लावलं. धुतलं तर डोस्कं नारिंगी! मी मोरीमागं पोट धरून हसलो. तेवढ्यात जीप आली.

"काय किसन, म्हातारपण लपवाया लागलास व्हय?" मुकादम म्हणला. समदे हसले. आन् त्यानं शेजारची जोडी घेतली.

माय दुकानदाराला शिव्या देत बसली. अण्णा आरशापुढं कानामागचा नारिंगी डाग चोळत व्हता. हळूच म्हणला, "पुडी चांगलीच व्हती गं. माज्याच केसात आता रंग धरायची ताकद न्हाई."

तवापासून तेच कानात घुमतंय. अजून चोळतोय तो डाग. सांगू का? मारलं तर मारू दे. पण पोटच्या पोरानंच काम घालवलं, हे कळल्यावर त्यो कसा बघंल माज्याकडं?

ही वही कुणाला घावली तर पाया पडतो, कुणाला सांगू नका. अण्णाला तर न्हाईच न्हाई.