ना पंखा, ना पांघरूण

पलूस,
मंगळवार, १४ मे १९९६

तीर्थरूप नानासो मामांच्या पायांवर (गुडघा दुखत असेल तर लांबूनच) भाचा ऋषिराज याचं डोकं.

इकडे आई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे, मी का नाही ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं ब्लडप्रेशर? पत्र स्वतः पुरतं वाचल्याशिवाय मामींना वाचून दाखवू नका, ही पहिली विनंती. पत्र पोस्टात न टाकता सांगली-सातारा गाडीचे कंडक्टर हरिबा यांच्या हाती देतोय, कारण पोस्टानं पोचेपर्यंत गोष्ट हातची गेलेली असेल. हरिबांना चहा द्या आणि त्यांचा चहा संपायच्या आत वाचून काढा, परतीच्या गाडीनं त्यांना तुमचं उत्तर आणायचं आहे. (ते बशीत ओतून, फुंकून पितात. घाई करू नका, पण उशीरही नको.) फोनच करणार होतो, पण तुमचा फोन शेजारच्या मेडिकलवाल्याकडे, आणि मी कॉलेज सोडल्याचं कळवलं तेव्हा तुम्ही त्याचा रिसीव्हर असा आपटलात की तो अजून करकरतो म्हणे. कॉलेजचा विषय मी इथं काढत नाही. प्रॅक्टिकलला सर माझ्या बोलण्याची नक्कल करून हसले, मी ॲप्रन टेबलावर फेकून निघालो, आणि निघालेल्या माणसानं परत कसं जायचं ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं. आजचा विषय हवामानाचा आहे.

आमच्या बांधाला लागून नाथाजी सुभेदारांचं घर आहे, ते तुम्ही पाहिलंय. गेल्या दिवाळीत ते पेन्शनीवर आले. अर्धी नोकरी बर्फात गेली, अर्धी वाळूत. आता ते म्हणतात, "देशासाठी गारठलो, देशासाठी भाजलो. आता उरल्यालं आयुष्य कोमट पायजे." पलूसात ते जमेना. घरावर पत्रा आहे. मार्च लागल्यापासून ते भर दुपारी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन विहिरीच्या पायरीवर बसतात, आणि थंडीत त्यांनी स्वेटरवर स्वेटर घालून शेकोटीची राखसुद्धा सोडली नाही. बर्फात राहून आलेल्या माणसाला आमच्या गावची थंडी कशी वाजते, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, तिथली सरकारी होती, ही खाजगी हाय. शांत झोप म्हणून लागली नाही बिचाऱ्यांना. मनुबाईकाकी, म्हणजे त्यांची बायको, सांगतात की माणूस सहा महिने ह्या कुशीवरून त्या कुशीवर नुसती गस्त घालतोय.

सुभेदारांना एक मुलगी आहे, क्रांती. (इथं हरिबांना आणखी अर्धा कप द्या.) तिच्याबद्दल लिहायला लागलो तर हवामान राहून जाईल. एवढंच सांगतो की ती सकाळी सायकलवरून कॉलेजला जाते तेव्हा मी रस्त्याकडेच्या उसाला पाणी पाजत असतो. पाण्याची पाळी नसली तरी पाजत असतो. ऊस कुजला तर तुला खत म्हणून घालीन, असं आई म्हणते.

तर सुभेदारांचे एक जुने जोडीदार, कॅप्टनसाहेब, बंगळूरला राहतात. ते हिंदीत पत्रं धाडतात, आणि सुभेदार ती पत्रं ओट्यावर बसून सगळ्या आळीला ऐकू जातील अशी वाचतात. यहाँ न पंखा लगता है, न रजाई. बाजूला एक प्लॉट विकाऊ आहे. घरी एक मुलगा आहे, कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. पहिल्या पत्रात प्लॉट आधी आणि मुलगा नंतर होता. तिसऱ्या पत्रात मुलगा आधी आला. मी त्या वेळी बांधावर (पाणी पाजत) होतो. माझं डोकं असं तडकलं की बांध ओलांडून सरळ त्यांच्या ओट्याशी गेलो आणि विचारलं, बंगळूर कशाला, आपल्या सातारा-सांगलीतली हवा मेली काय? सुभेदारांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मग दाव की," म्हणाले.

अशी ही भानगड मी अंगावर घेतली, मामा. मुदत त्यांनी महिनाअखेरची दिली, मग मिरजेहून बंगळूरच्या गाडीचं रिझर्वेशन काढल्यावर ती सोमवारपर्यंत खाली आणली. म्हणजे कालच्या सोमवारपर्यंत. रोज सकाळी माझी राजदूत, मागं सुभेदार, त्यांच्या खांद्यावर गुंडाळलेली सतरंजी. परीक्षा अशी की नव्या ठिकाणी जेवून, बनियनवर, उताणं झोपायचं. घाम आला तर गाव नापास. पांघरूण ओढावंसं वाटलं तरी गाव नापास. लोणंदला वारा चांगला होता, म्हणून बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर त्यांना निजवलं. वाऱ्याबरोबर कांद्याची टरफलं यायला लागली, आणि दुकानदार त्यांना बघून फिदीफिदी हसला. मी त्याची कॉलर धरली. त्या गडबडीत सुभेदार उठले, त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली. लोणंद कांद्यानं नापास झालं की माझ्यानं, हे आमच्यात शेवटपर्यंत ठरलं नाही. महाबळेश्वरला मात्र मी जिंकलोच होतो. सुभेदार घोरायच्या बेतात होते. तेवढ्यात तिथला एक म्हातारा कौतुकानं सांगायला लागला की इकडं पाऊस असा, की आम्ही अख्ख्या घराला बाहेरून गवताचे झाप बांधतो. सुभेदार ताडकन उठून बसले. "घराला पांघरूण लागतंय," म्हणाले, "मग मला न्हाई लागणार व्हय?" सतरंजी गुंडाळली, घाट उतरलो. 

शुक्रवारी सांगलीशेजारी हरिपूरला क्रांतीच्या मावशीकडं जेवायला थांबलो. कॉलेजची परीक्षा संपवून क्रांती तिथंच राहायला गेली होती. (हे मला ठाऊक नव्हतं असं मी सुभेदारांना सांगितलं.) मावशीच्या सोप्यात सुभेदारांना घामाच्या धारा लागल्या आणि सांगलीही गेली. पेवावर काम करणारे बिराप्पा म्हणून मावशीचे शेजारी आहेत, ते पाणी प्यायला आले होते. सगळी कथा ऐकून ते म्हणाले, तुमी म्हणताय तसली हवा आमच्या गावात हाय, पर ती जिमिनीखाली हाय. हरिपूरची पेवं तुम्हाला माहीत आहेतच, जमिनीत खोल खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटाला ऐसपैस. हळकुंडं त्यात वर्षानुवर्षं राहतात, ना तापत ना गारठत. सुभेदारांचे डोळे असे चमकले की मला धडकीच भरली. बंकर, म्हणाले. चला बघू.

त्या दुपारी एका पेवाचं तोंड नुकतंच उघडलेलं होतं. आत कोंडलेली हवा विषारी असते, म्हणून ते बराच वेळ उघडं ठेवतात आणि माणसाच्या आधी कंदील सोडतात. हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मलाही आहे. बिराप्पांनी क्रांतीला कंदील आणायला घरी पिटाळलं आणि आम्हाला थांबायला सांगितलं. थांबलो असतो. पण सुभेदार घड्याळाकडं बघत सहज बोलून गेले, "ऱ्हाऊ दे गड्या. कॉलेज अर्ध्यात सोडलंस, हेबी अर्ध्यातच सोडणार तू." मामा, तुम्ही हे मला दहा वेळा म्हणाला आहात आणि मी ऐकून घेतलं आहे. पण क्रांतीच्या वडिलांच्या तोंडून ऐकलं आणि डोळ्यांपुढं लाल झालं. दोर कमरेला होता की हातात, ते आठवत नाही. बिराप्पा "आरं, आरं" करेपर्यंत मी खाली.

खाली खरोखर छान होतं. ना गरम ना गार, हळदीचा वास. आता वर ओरडून सांगावं, सुभेदार, पास, असं मनात आलं आणि तोंड उघडेना. वरचा उजेड ताटलीएवढा, मग वाटीएवढा. तेवढ्यात डोक्यावरून एक कंदील हलत हलत खाली येताना दिसला. माझ्या खांद्यापर्यंत येईतो त्याची ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि गेली. वर क्रांती वडिलांना ओरडली, "आबा, दोर वडा! कंदील गेला." पुढचं मला माहीत नाही. सुभेदार आणि बिराप्पांनी मला बारदानाच्या पोत्यासारखं वर घेतलं म्हणे.

डोळे उघडले तेव्हा चिंचेखाली उताणा पडलो होतो, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. बिराप्पा म्हणाले, हळद तर लागली, आता अक्षता तेवढ्या टाका. कुणी हसलं नाही. सुभेदारांनी दोन मुस्काटात दिल्या, पाणी पाजलं, माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला, की खाली हवा कशी व्हती. मी म्हणालो, चांगली होती, फक्त नव्हती. त्यांनी खिशातलं तिकीट चाचपलं. मग म्हणाले, झालं, सोमवारी बंगळूर. क्रांती कंदिलाची काच पुसत उभी होती. ती पुसतच राहिली, काच स्वच्छ झाली तरी.

आणि मामा, इथं तुम्ही येता.

माझं डोकं अजून फिरत होतं हे लक्षात घ्या. मी सुभेदारांना म्हणालो की साताऱ्यात माझ्या मामांच्या घरी माडी रिकामी आहे. डोंगराकडं खिडकी आहे. लहानपणी आख्खा मे महिना मी तिथं निजलोय, ना घाम ना गोधडी. वर्षभर राहा, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा बघा आणि मग बंगळूरचं ठरवा. हे सगळं खरंच आहे. पण सुभेदार हट्टी माणूस, कुणाच्या उपकारात राहणार नाहीत. ते म्हणाले, तुझ्या मामांनी सोताहून बोलावलं असलं तरच. मी हो म्हणालो. मामांचं पत्र आलंय म्हणालो. सुभेदारांनी तिथल्या तिथं तिकीट फाडायला काढलं, मीच म्हणालो की फाडू नका, परत करा. जाताना क्रांती माझ्याजवळून गेली आणि वडिलांना ऐकू जाणार नाही असं विचारून गेली, की मामांना म्हाईत हाय का.

तेव्हा आता तुम्हाला माहीत झालं. परवा गुरुवारी पहाटे त्यांचा टेंपो निघतोय. मी हे त्यांच्याच ट्रंकेवर, त्यांच्याकडं पाठ करून लिहितोय, आणि सुभेदार पलीकडं पेट्यांवर रंगानं "सातारा" असं लिहितायत. दोनदा म्हणून झालं त्यांचं, की मामा लय मोठ्या मनाचे दिसतात. मी मान हलवली. तुम्ही नाही म्हणालात तर टेंपो निघायच्या आत ह्याच पेट्यांवर खोडून "बंगळूर" लिहिलं जाईल, आणि त्या घरात एक मुलगा कॉम्प्युटरवर बसलेला आहे.

थोडी तयारी करावी लागेल. आई म्हणते तुम्ही गेल्या वर्षी माडीवर पंखा बसवलात. तो काढून ठेवा. कडी राहील, ती पाळण्याची म्हणून सांगा. मामींच्या गोधड्या खाली न्या, आणि जानेवारीचा विषय कुणी काढू नये. शेजारपाजाऱ्यांनाही सांगून ठेवा की निदान पहिला आठवडा "काय उकडतंय" असं जिन्यात म्हणू नका. मी इथं हात जोडलेत असं समजा. जोडले तर पेन पडतं म्हणून लिहून कळवतो.

तुमच्या मोठ्या मनाच्या भरवशावर बसलेला,
तुमचा
ऋषिराज

ता. क. उत्तर लिहीत बसू नका. हो असेल तर हरिबांना नुसतं "या म्हणावं" एवढं सांगा. नाही असेल तर तार करू नका, आई तार बघितली की वाचायच्या आधी रडते.

ता. क. पुन्हा : पावसात माडीचा कोपरा गळतो हे मी सुभेदारांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. जूनच्या आत मी येऊन कौलं फिरवून देतो, अर्ध्यात न सोडता.

ता. क. शेवटचं, आणि हे फक्त मामींना. मामी, मामांनी वर जे वाचलं त्यात एक गोष्ट राहिली आहे. क्रांतीला मी अजून काही विचारलेलं नाही. पेवात उतरलो, पण ते झालं नाही. ती आजवर माझ्याशी दोनच वाक्यं बोलली आहे. एक वर लिहिलंय. दुसरं चिंचेखाली, मी शुद्धीवर आल्यावर, "कंदील आणंस्तवर दम धरवंना व्हय तुमाला?" दोन्ही प्रश्नच होते आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. ती तुमच्याकडं येते आहे. धुणं वाळत घालताना, कांदा चिरताना, कधीही, तिचा कल तेवढा विचारून बघा. तिला बंगळूर आवडणार असेल, तर त्यावर माझं काही म्हणणं नाही. (आहे, पण ते तिला सांगू नका.) आणि ती नाही म्हणाली, तरी सुभेदारांना वर्षाच्या आत जिना उतरायला लावू नका. तुमच्या माडीवर त्यांना झोप लागेल.