थेंबाची अर्धी ओळ

प्रिय थेंबू,

पत्र पाहून दचकू नकोस, बाबा बरे आहेत. म्हणजे उजवा हात लुळा, वाचा गेलेली, पण जेवतात आणि चिडतात. मी मात्र थकले गं. त्यांना उठवून-बसवून मनगटं कामातून गेली, आणि दिवसभर एकटीनं बडबडून जीभही. तू मामाकडून चौकशी करतेस, कळतं मला. मामाच्या पोटात कधी काही राहिलंय का?

बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, झटक्यानंतर बोलणं गेलं तरी पाठ असलेली कविता कधीकधी शाबूत राहते. मी म्हटलं, यांचा जन्म लोकांचे नळ दुरुस्त करण्यात गेला, यांना कसली कविता येणार! आणि मग आठवली. तुला आंघोळ घालताना यांनी स्वतःच रचलेली.

टपटप टपटप गळते पाणी,
कोण थांबवी याची गाणी?
बाबा आला घेऊन पाना,
थेंब म्हणाला, 'ना ना, ना ना!'

शाळेत मी मुलांना आयुष्यभर मात्रा मोजायला लावल्या, पण कविता अशी जीव मुठीत धरून कधी तपासली नव्हती. सोळा मात्रांची ओळ, आठांवर थांबा. 'टपटप' दोनदा आहे ना, म्हणून पहिल्यांदा अडखळलेली त्यांची जीभ दुसऱ्यांदा सुटते. 'पाणी' आलं की यमकाच्या ओढीनं 'गाणी' मागोमाग येतं. तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त आहे, 'घेऊन'मधला ऊ लांबतो. तुमचा नळ इथं गळतो, असे टोमणे मी त्यावरून किती मारले! आता त्या लांबलेल्या ऊमध्येच त्यांना 'पाना' शोधायला वेळ मिळतो. मी आपली गप्प बसते.

कविता संपली की त्याच तालात 'पाणी दे ना' म्हणायला लावायचं, असा बाईंचा बेत आहे. तेही आठच मात्रांचं. पण कविता संपतच नाही. 'थेंब म्हणाला' म्हणून ते थांबतात. मी पुढचं म्हटलं तर हात झटकतात, बाईंनी म्हटलं तर तोंड फिरवतात, आणि मग दिवसभर मुके. असंच चाललं तर येतंय तेही बंद पडेल, असं बाई म्हणतात. मला भीती वाटते गं. या घरात उरलेला जन्म मी एकटीनंच बोलत काढायचा का?

काल माझी ट्यूब पेटली. थांबल्यावर ते न्हाणीघराच्या दाराकडे बघतात. ते विसरलेले नाहीत. ती अर्धी ओळ त्यांची नव्हतीच कधी. डोक्यावर साबणाचा फेस घेऊन, मान हलवून सगळीकडे पाणी उडवत ती तू म्हणायचीस.

वेगळी राहायला निघालीस तेव्हा 'परत तोंड दाखवू नकोस' म्हणाले, ते वाईटच बोलले. मी त्यांची बाजू घेणार नाही. 'चुकलो' हा शब्द तर वाचा धड होती तेव्हाही त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही, आता कुठून येणार? म्हणून ये असं म्हणत नाही. फक्त एकदा फोन कर, सकाळी, बाई असतात तेव्हा. मी तो त्यांच्या कानाशी धरीन. पहिल्या आठ मात्रा ते म्हणतील. पुढच्या आठ तू म्हण.

तुझीच,
थकलेली आई