मुहूर्ताचं लोखंड

२६ सप्टेंबर, शुक्रवार
अंबडच्या आमच्या फाउंड्रीला पंपाच्या चाळीस बॉडींची ट्रायल ऑर्डर. शेठ म्हणाले, माल पास झाला की दिवाळीपासून मेल्टिंग इनचार्ज तू. पास होणारच. बायकोला, सुवर्णाला, आत्ताच सांगून टाकलं. संकल्प: रोज मेटलर्जीचं एक पान.

२८ सप्टेंबर, रविवार
अर्धं पान वाचलं. म्हणे, वितळलेल्या लोखंडाच्या रसात डोळ्याला न दिसणारे कण असतात. थिजताना त्यांचा आधार मिळाला तर लोखंड करडं, मऊ जमतं. रस फार तापवला, फार वेळ ठेवला की कण विरघळतात. पुढे झोप लागली. माझं मत वेगळं. बासुंदी जितकी आटवावी तितकी चांगली.

३० सप्टेंबर, मंगळवार
उद्या खंडेनवमी. हत्यारं पुजायचीच आहेत, तर ट्रायलचा रसही मुहूर्तावर, ग्राहक कंपनीच्या साहेबांच्या हस्ते ओतावा. आयडिया माझी. भट्टीवाला हिरामण म्हणाला, आधी वेळेवर येणारा साहेब शोधा. बावीस वर्षं भट्टीवर काढली, पण व्हिजन नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार
११.४०. मुहूर्त. रस तयार. साहेब अजून वाटेत, विंचूरला.
१२.५०. साहेब ओझरला. सेफ साइड म्हणून भट्टी आणखी तापवली. हिरामणला रसाची एक छोटी पाचर ओतून, फोडून आतला रंग बघायचा होता. पूजेआधी नारळाशिवाय काही फोडायचं नाही, असं ठणकावलं. तो म्हणाला, "रस थांबलाय असं तुम्हाला वाटतंय. आत तो थांबलेला नाय."
१.२५. साहेब आले, त्यांच्या हस्ते ओतलं. ठिणग्या झकास. झेंडूची माळ जळाली. शुभशकुन असावा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पहिल्या बॉडीवर ड्रिल मोडलं. दुसऱ्या बॉडीवर दुसरं. हल्ली ड्रिल निकृष्ट येतात.
दुपारी हिरामणने एका बॉडीवर घण घातला. काचेसारखे तुकडे झाले. आतून पांढरंफटक. चाळीसच्या चाळीस तशाच.

६ ऑक्टोबर, सोमवार
पुन्हा ट्रायल. पूजा नाही, साहेब नाही. पाचर फोडली, करडी निघाली, हिरामणने लगेच ओतलं. पास. इनचार्ज तोच. माझ्याकडे पाहुण्यांच्या स्वागताचं खातं. तसं हेही प्रमोशनच.
घरी सुवर्णाला सांगणार होतो. तिने माहेरी फोन करून आधीच सगळ्यांना कळवलं होतं, आणि इनचार्जसाहेबांसाठी बासुंदी केली होती. मला आवडते म्हणून जास्त वेळ आटवली. तळाला लागून करपली होती.
छान झालीय म्हणालो आणि दोन वाट्या खाल्ल्या.