मागच्या दारचा नळ

मी, खाली सही करणारा, फुलांच्या हरितगृहात जन्मभर औषधफवारणी केलेला माणूस, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाविना, राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतात, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही. बायकोचे मत वेगळे आहे, ते तिने माझ्यामागे सांगत बसावे.

राहते घर आणि शिल्लक बायकोची. फक्त मागच्या दारचा नळ आणि त्याला लागून मी बांधलेली मोरी ठमीसाठी राहावी. ठमी म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. तीही आता फवारणीच करते. नको नको म्हटले, पण ऐकेल तर माझी मुलगी कसली! औषधाचे कपडे धुवायची वेगळी बादलीही तिचीच. तीत घरातला रुमालसुद्धा कुणी बुडवू नये.

मुकादमांना माझे कोरे, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. "अंगावर उडालं तर काय होतंय? प्यायचं नाही म्हणजे झालं!" असे ते हसत सांगत. माझा जोडीदार काही प्यायला नव्हता. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा भिजला, आणि काम उरकूनच बदलू म्हणून तो तसाच फवारत राहिला. औषध कातडीतून आत गेले. त्याला दवाखान्यात नेले, तो परत आला नाही. अजून डोळे भरून येतात. ठमीने गळका पंप दाखवला, तर मुकादमांनी तो मुकाट्याने बदलून द्यावा.

कमरेचा चामडी पट्टा कुणालाही नाही. ठमे, तुझा त्यावर लहानपणापासून डोळा आहे, ठाऊक आहे मला. पण चामड्यात औषध मुरते, कितीही धुतले तरी निघत नाही. तो औषधाच्या रिकाम्या डब्यांबरोबर नष्ट करायला पाठवून द्यावा.

आता तुझी जुनी तक्रार. मी कामावरून आलो की तू हात पसरून धावायचीस, आणि मी ओरडायचो, "थांब! हात लावू नकोस!" अंघोळ करून येईपर्यंत तू रुसून झोपलेली असायचीस. मग मी तुझ्या उशाशी बसायचो. जीव तुटायचा गं. तरी माफी मागत नाही. कोवळी कातडी होती तुझी.

परवा तू कामावरून आलीस, तुझा बाळ्या धावत आला आणि तू त्याला भिजल्या सदऱ्यानिशी उचललेस. मी ओरडलो, तर म्हणालीस, "बाबा, मी तुमच्यासारखी नाही." तोंडावर बोलायला गेलो की आपले भांडण होते, म्हणून इथे लिहितो. आधी नळ, साबण, कोरडे कपडे, मग बाळ्या. रडला तर रडू दे. ही अट नाही, पोरी, विनवणी आहे.

मी गेल्यावर मला साबण लावून अंघोळ घालतील. त्यानंतर खुशाल जवळ ये आणि हवा तितका वेळ मिठी मार. मी थांब म्हणणार नाही.

सही: ठमीचा बाबा

साक्षीदार:
१. शेजारच्या शिंपीणबाई (वाचताना रडल्या, म्हणून सही वाकडी)
२. दवाखान्यातले डॉक्टर (डोके तपासले, ठीक आहे)

स्थळ: राहत्या घराची मागची पायरी
दिनांक: बाळ्याच्या वाढदिवसाचा आदला दिवस