मी शहाणी असल्याचा दाखला

मी, हेमा यशवंत पाध्ये, वय ६९, धंदा दस्तलेखन (आता निवृत्त), राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता, आमच्या आळीत कुणालाही विचारा. आजवर मी लोकांची चारशेवर मृत्युपत्रं लिहिली. प्रत्येकावर ‘पूर्ण शुद्धीत व स्थिर बुद्धीने’ असं ठोकून दिलं. त्यांतल्या एकाकडेही तसा लेखी पुरावा नव्हता. माझ्याकडे आहे! डॉक्टर दीपालीबाईंचा सहीशिक्क्याचा दाखला सोबत जोडला आहे.

तरीही ‘हेमा शुद्धीत आहे’ या वाक्याखाली मला माझ्या थोरल्या भावाची, श्यामदादाची सही हवी. परक्याची सही कायद्याला पुरेल, मला पुरणार नाही. तीन आठवडे कच्चा मसुदा त्याच्यापुढे ठेवला आहे; तो आज कंबर दुखते म्हणतो, उद्या चष्मा सापडत नाही म्हणतो. त्याचीच सही का हवी, ते कलम दोनमध्ये लिहिलं आहे.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा, विहिरीच्या हक्कासह, माझ्या पश्चात श्यामदादाची मुलगी मनस्विनी हिला मिळावा. बँकेतली ठेवही तिलाच. ती पुण्यात विषाणूंबद्दल शिकते आहे. माझ्या पैशाने तिने एकदा तरी त्या मेल्याला (कोणत्या, तेही कलम दोनमध्ये) सूक्ष्मदर्शकाखाली धरावं आणि माझ्या वतीने चार सणसणीत शिव्या द्याव्यात.

कमळावहिनीला या कागदाने मी काही देत नाही. नवऱ्याला साक्षीला बसवायचं तर बायकोच्या नावे कागदात काही ठेवू नये, हा आमच्या धंद्यातला रिवाज. म्हणून माझ्या पाटल्या तिला कालच हातात घातल्या. आत्ता ती त्या मिरवत सांदणं वाफवत्ये, इथवर किणकिण ऐकू येते.

२. २०११ सालच्या श्रावणात मला ताप आला. पाच दिवसांनी ताप उतरला आणि डोकं फिरलं. वारलेले वडील कानात मजकूर सांगू लागले. वहिनी पेजेत विष घालते असं वाटू लागलं. मी मांडवीच्या समुद्राचं खरेदीखत लिहिलं, तीन प्रतींत, चतुःसीमेसह. पश्चिमेस अरबस्तान! आजही ते वाचलं की मला हसू आवरत नाही. अक्षर मात्र सुरेख आहे.

तेव्हा कुणी हसत नव्हतं. दादाने ग्रामदेवतेपुढे गुरवाकरवी कौल लावला. प्रश्न केला, “परसातला फणस तोडला, त्याची बाधा आहे काय?” देवीच्या अंगावर लावलेलं फूल उजवीकडून पडलं, म्हणजे होय. झालं! नारळ, कोंबडा, धुरी. दीड महिना मी मागच्या खोलीत बंद. दादा दाराबाहेर बसून रडायचा, पण कडी काढायचा नाही.

शेवटी वहिनी एकटीच देवळात गेली. गुरवाला म्हणाली, “आता माझा प्रश्न घाला. हिला डॉक्टरकडे न्यावं काय?” फूल पुन्हा उजवीकडूनच पडलं. देवीला विचाराल तेवढ्याचंच ती उत्तर देते; विचारायचं काय, ते आपण ठरवायचं असतं. वहिनीने रिक्षा थेट देवळापाशीच बोलावली होती; तीत बसून घरी आली, कडी काढली आणि मला दवाखान्यात नेलं.

दीपालीबाईंनी मेंदूचा फोटो काढवला, कण्यातलं पाणी तपासायला लावलं. मग दादाला समोर बसवून सांगितलं, “तापाचा विषाणू मेंदूपर्यंत गेला होता, मेंदूला सूज आली. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांमार्फत बोलतात. त्यांचा तोल गेला की नसलेलं ऐकू येतं, आपली माणसं वैरी वाटतात. प्रत्येक मानसिक आजार विषाणूने होतो असं नाही हो. काहींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. यांच्या बाबतीत सापडलं, आणि औषध आहे.”

दादाने विचारलं, “म्हणजे ही वेडी नाही?”

“आजारी आहेत,” बाई म्हणाल्या.

चार महिन्यांत मी पुन्हा कचेरीच्या आवारात टेबल मांडलं. रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी अजून घेते. लोक रक्तदाबाची घेतात तशीच. त्यानंतरची तेरा वर्षं मी फार मजेत काढली. पण दादाने त्या दीड महिन्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मला माफी नको. त्याने एकदा, कागदावर, मला शहाणी म्हणावं.

३. शेजारच्या गंगुबाई. माझ्या आजारानंतर सात वर्षं त्या मला पाहून खिडकी लावून घ्यायच्या. त्यांना माझी आरामखुर्ची. ती खिडकीतच ठेवावी, म्हणजे उघड्या खिडकीची सवय होईल.

४. माझं कामाचं टेबल, मालकी मनस्विनीचीच ठेवून, दीपालीबाईंच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत ठेवावं. तिथे येणारी माणसं नाव सांगताना फार पुटपुटतात. टेबल बघून कुणी विचारलं, तर माझं पूर्ण नाव खणखणीत सांगावं.

५. माझ्या पश्चात माझा मेंदू डॉक्टरांना अभ्यासाला उपयोगी पडणार असेल तर द्यावा. बाकीच्या मला दहन द्यावं. तेराव्याला माशांचं कालवण करावं; भटजींनी नाक मुरडलं तर त्यांना खीर वाढावी.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, स्वतःशी हसून सही केली.

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: १८ मे २०२५
सही: हेमा यशवंत पाध्ये

साक्षीदार क्र. १: डॉ. दीपाली सुर्वे. (लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत. माझ्यापेक्षा जास्त.)

साक्षीदार क्र. २: श्याम यशवंत पाध्ये. माझी बहीण हेमा शहाणी आहे. तेव्हाही होती, आजारी होती. कडी मी घातली, ती माझी चूक. पण सही टाळली ती हिच्या डोक्याची शंका होती म्हणून नव्हे. कागदात ‘माझ्या पश्चात’ लिहिलंय, तिथवर आलो की मला पुढचं दिसेना. आज वहिनीने, म्हणजे आमच्या हिने, मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कुठे पुरं झालं. हेमे, केली गो सही. आता हा कागद कपाटात टाक नि जेवायला चल. मी असेपर्यंत तो बाहेर काढायची वेळ आणू नकोस.