दाखवायचे मासे

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. खाणीत मला बढती मिळाली. सोनं धुऊन उरलेलं पाणी किती स्वच्छ आहे हे पाहुण्यांना पटावं, म्हणून कचेरीच्या दारात काचेची टाकी ठेवली आहे. तीत ते पाणी आणि पाण्यात मासे. वर पाटी : ‘आमची जबाबदारी पोहते आहे.’ ही टाकी आता माझ्याकडे. भावजींना म्हणावं, तळ्यातले बारा मासे पाठवा.
लोभ आहे तसाच राहू दे.
धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. बारा पाठवले, मग चोवीस मागितलेस, आता रोज सहा. तुझे भावजी म्हणतात, मेहुण्याच्या साहेबांना भूक चांगली आहे. मासे दाखवता की खाता, खरं कळव.
आशीर्वाद आहेतच, उत्तर लांबवू नकोस.
ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. खात कोणी नाही. सकाळी सोडलेले मासे संध्याकाळी उलटे होतात. कचेरी उघडायच्या आत मी ते बदलतो. साहेब म्हणतात, तुझे मासेच नाजूक. अहवालात छापलंय, ‘मासे वर्षभर ठणठणीत’. त्याच्या आधारे सोमवारी तपासणी अधिकारी हे पाणी ओढ्यात सोडायची परवानगी देणार. तो ओढा तुमच्या तळ्यात उतरतो, हे मी साहेबांना नकाशावर दाखवलं. नव्या नकाशात तळंच नाही.
रागाव, पण लोभ सोडू नकोस.
धाकटा

ता. २९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. म्हणजे आमच्याच माशांच्या जिवावर आमचंच तळं मारायचं! तुझे भावजी जेवत नाहीत. आजपासून मासे बंद. सोमवारी टाकी आहे तशी राहू दे. तुझी नोकरी जाईल. घरात दोन लेकरं आहेत, तेही मला कळतं. तरी मागते आहे.
ताई

ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. मासे उलटे तरंगत होते. साहेब म्हणाले, विश्रांती घेताहेत. अधिकाऱ्यांनी ‘विश्रांती’ लिहूनही घेतलं. मग साहेबांनी टाकीतलं पाणी पेल्यात भरून माझ्या हातात दिलं. म्हणाले, आमची माणसंसुद्धा हेच पितात. पेला ओठांपर्यंत नेला, ताई. सगळे बघत होते. तसाच तो साहेबांपुढे धरला आणि म्हणालो, आधी मोठ्यांचा मान. साहेबांना एकाएकी तहान उरली नाही. अधिकाऱ्यांनी ‘विश्रांती’ खोडलं.
परवानगी अडली. मला काढून टाकलं. कारण लिहिलंय, ‘पाहुणचारात कसूर’. कंपनीची खोली उद्या रिकामी करायची आहे.
लोभ थोडा वाढवावा लागेल. आम्ही चौघं येतो आहोत.
धाकटा